वादळात झाडं गेली, बुडखे राहिले: परसातल्या जुन्या खोडांचं काय करावं

३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि एका दुपारीत दापोली तालुक्यातल्या आमच्या आगराची, म्हणजे घरामागच्या बागेची, रया गेली. पडलेली झाडं महिनाभरात मार्गी लागली. फांद्या सरपणाला गेल्या, माडाच्या खोडांचा वहाळावर (ओढ्यावर) साकव, म्हणजे छोटा पूल, झाला, फणसाच्या फळ्या सुताराने नेल्या. जी झाडं मुळासकट उलटली त्यांचे खड्डे बुजवले. जी मधूनच पिळवटून मोडली ती कापून खाली उतरवावी लागली, आणि त्यांचे बुडखे जागच्या जागी राहिले: दोन माड, एक हापूस, एक रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा), एक फणस, एक शेवगा आणि वहाळाकडेचा उंबर.

झाड उचलायला दहा जण येतात, बुडख्याकडे कोणी बघत नाही. खणायची मजुरी जास्त आणि हाताला लागणारं लाकूड थोडं, म्हणून तो येता-जाता ठेच लागायला तसाच राहतो. आमचे सातही बुडखे वेगवेगळ्या तऱ्हेने निकालात निघाले, आणि त्यात दोनदा आम्ही सपशेल चुकलो. त्या चुकांसकट सगळं इथे लिहितो. शहरातल्या बंगल्यापुढे गुलमोहराचा किंवा सुबाभळीचा एकच बुडखा असला तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी तीन गोष्टी बघा

पहिली, तो जिवंत आहे का. कोयत्याच्या टोकाने साल चारी बाजूंनी, जमिनीलगतसुद्धा, नखाएवढी खरवडायची. आत हिरवट ओलसर थर दिसला तर बुडखा जिवंत, वरून कितीही वाळलेला दिसो. तपकिरी, कोरडं, भुसभुशीत लागलं तर ती बाजू मेलेली. एका बाजूने मेलेला आणि दुसऱ्या बाजूने जिवंत असाही बुडखा असतो, म्हणून एकाच जागी खरवडून निकाल लावू नका.

दुसरी, झाड कोणतं. आंबा, उंबर, चिंच, कडुनिंब, शेवगा, सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प ही कापल्यावर बुंध्यातून फुटणारी मंडळी. माड आणि पोफळीला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड संपलं, फुटव्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

तिसरी, घरापासून अंतर. मेलेला बुडखा म्हणजे वाळवीला जेवणाचं ताट. भिंतीपासून दहा-बारा फुटांच्या आत असेल तर मी तो ठेवत नाही, मग कितीही देखणा असो. बुडख्याच्या सालीवर किंवा घराच्या जोत्यावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर सजावटीचा विचार सोडा, आधी वाळवीचा बंदोबस्त करा.

शहरात असाल तर आणखी एक. फुटवे असलेला बुडखा कायद्याच्या नजरेत झाडच ठरू शकतो. नागरी भागासाठी महाराष्ट्रात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं आणि इजा करणंही येतं. नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या उद्यान विभागात एक अर्ज देऊन ठेवलेला बरा.

माडाचा बुडखा ठेवू नका

"हे बुडखे ठेवलेत तर उरलेले माडही जातील," आमचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, पहिल्याच दिवशी म्हणाला. तो बोलला ते अक्षरशः खरं आहे. कुजत्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या पांढऱ्या, करंगळीहून जाड, अर्धचंद्रासारख्या वाकलेल्या असतात. मोठा झालेला भुंगा शेजारच्या माडाचा न उमललेला कोंब पोखरतो. ती झावळ उलगडली की कात्रीने त्रिकोण कापून काढल्यासारखी दिसते. अशी झावळ दिसली तर आसपास कुठेतरी कुजकं खोड किंवा उघडा उकिरडा असतोच. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो याहून वाईट, कारण त्याची अळी खोडात असेपर्यंत बाहेर फारसं काही दिसत नाही. शिवाय झाड गॅनोडर्मा बुरशीने गेलेलं असेल तर ती मुळांमधून शेजारच्या माडाकडे सरकते.

सुदैवाने माड काढायला सोपा. त्याला सोटमूळ नसतं, दोरीसारखी शेकडो मुळं असतात. बुंध्याभोवती हात-दीड हात रुंद आणि दोन-अडीच फूट खोल चर खणायचा, पहारीने मुळं तोडत जायचं, आणि शेवटी एका बाजूने पहार घालून दोघांनी जोर लावायचा. आमचा एक बुडखा सकाळी सुरू करून जेवणापर्यंत आडवा झाला. दुसऱ्याने दीड दिवस घेतला, कारण खाली जांभा लागला. काढलेल्याचे तुकडे करून उन्हात वाळवले आणि न्हाणीघराच्या चुलीत जाळले. तेच तुकडे खड्ड्यात पुरू नका, नाहीतर भुंग्याला घर बांधून दिल्यासारखं होईल.

जिवंत असेल तर त्याच्याकडून काम करून घ्या

हापूसचा बुडखा गुडघ्याएवढा राहिला होता. त्याच पावसाळ्यात त्याला वीसेक धुमारे फुटले आणि घरात आनंद झाला की हापूस परत येतोय. इथे एक गोष्ट विसरली जाते. हापूस हे कलम असतं, खालचा खुंट रायवळचा. सांध्याच्या खालून आलेला फुटवा रायवळच होणार, पंधरा वर्षं वाट बघितलीत तरी. जुन्या झाडावर सांधा ओळखता येतोच असं नाही, पण कोवळं पान चुरगळून वास घेतला, पानाचा आकार शेजारच्या कलमाशी ताडून पाहिला, तर अंदाज येतो. आमचे सगळे फुटवे खालचे निघाले.

मग त्यांच्यावरच कलम बांधलं. जमिनीजवळचे, वेगवेगळ्या दिशांचे चार जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढले. पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर त्यांच्यावर मृदकाष्ठ कलम केलं. कलमकाडी चांगल्या फळणाऱ्या झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या फांदीची घ्यायची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला हवा. आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे देठ आपोआप गळतात आणि डोळे जागे होतात. फुटव्याचा शेंडा कापून मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरेसारखा आकार देऊन त्यात बसवायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायचं. झडीच्या दिवशी हे करू नका, सांध्यात पाणी गेलं की काडी काळी पडते. चारातली दोन जगली. जुन्या मुळांचं बळ पाठीशी असल्यामुळे ती रोपवाटिकेतल्या कलमापेक्षा झपाट्याने वाढली, आणि चौथ्या वर्षी पहिला मोहोर आला. कापलेल्या माथ्यावर बोर्डो मलम लावायला मात्र विसरू नका, नाहीतर बुरशी तिथूनच शिरते.

उंबराचा प्रश्न वेगळाच होता. त्याच्या फुटव्यांना कोयता लावायला गडी तयार होईना. दत्ताचं झाड, नको म्हणाला. मीही आग्रह धरला नाही. त्याचं झाडच पुन्हा होऊ दिलं. त्यातही रीत आहे: बुडख्याच्या माथ्यावरून निघालेला फुटवा कितीही सरळ असला तरी तो ठेवायचा नाही, कारण खालचं लाकूड कुजलं की तो वाऱ्याने सालीसकट उपटतो. जमिनीला टेकून निघालेला एक, फार तर दोन फुटवे ठेवायचे. त्यांची स्वतःची मुळं जमिनीत जातात. आज त्या उंबराखाली सावली पडते आणि जुना बुडखा शोधावा लागतो. बुडखा लपवायची ही सगळ्यांत स्वस्त तऱ्हा, फक्त वहाळाच्या कडेला परवडते. वड, पिंपळ किंवा उंबर घराच्या किंवा विहिरीच्या बांधकामाजवळ असेल तर फुटवे ठेवू नका, त्याची मुळं चिरे उचकटतात.

जिवंत बुडखा मारायचाच असेल तर सरळ उपाय कंटाळवाणा आहे: फुटवा बोटभर झाला की काढायचा, दर पंधरा दिवसांनी, न चुकता. पानं मिळाली नाहीत की मुळांमधला साठा आटतो. एखाद-दोन वर्षं लागतात. तणनाशक लावा असं सांगणारे भेटतील. त्यातल्या ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२मध्ये कीडनियंत्रण करणाऱ्या अधिकृत लोकांपुरता ठेवला आहे, आणि जवळजवळच्या एकाच जातीच्या झाडांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असली तर औषध शेजारच्या चांगल्या झाडातही जातं.

कुजवायचा असेल तर, आणि आमची मोरचूदाची फजिती

शेवगा मऊ लाकडाचा. तो लवकर कुजावा म्हणून कोणीतरी सांगितलं, भोकं पाडून मोरचूद (कॉपर सल्फेट) भर. भरला. वर्षभराने बघतो तर झाड मेलं होतं खरं, पण भोकांभोवतीचं लाकूड निळसर हिरवं आणि खणखणीत. नंतर डोक्यात प्रकाश पडला. पोफळीवर कोळे रोग येऊ नये म्हणून जे बोर्डो मिश्रण आपण फवारतो, त्यात मोरचूदच असतो. तो बुरशी मारतो. आणि लाकूड कुजवण्याचं काम करते कोण? बुरशीच. म्हणजे मी बुडखा टिकवण्याचं औषध दिलं होतं.

मिठाचीही तीच गत. खडे मीठ भरलं तर झाड मरेल, पण ते पावसाबरोबर मातीत उतरतं आणि त्या जागी पुढे काही धड येत नाही. रॉकेल-डिझेल ओतून पेटवणं तर करूच नका. वरची ज्वाळा विझते, पण मुळात धग दिवसेंदिवस राहते आणि कुठे बाहेर येईल सांगता येत नाही. बुडख्यात हिंग भरलं की झाड मरतं असं ऐकतो, ते मी करून पाहिलेलं नाही. एवढं महाग हिंग बुडख्यात घालायची छाती झाली नाही.

लाकडात कर्ब भरपूर, नत्र जवळजवळ नाही. बुरशीला नत्र आणि ओल दिली की ती कामाला लागते. आम्ही शेवग्याच्या न बिघडलेल्या बाजूला असं केलं:

मेच्या शेवटी सुताराच्या गिरमिटाने बुडख्याच्या माथ्यावर इंचभर रुंदीची भोकं पाडली, एकमेकांपासून चार बोटांवर, जितकी खोल जातील तितकी, निदान वीतभर. मोठ्या ड्रिलला लांब बिट लावलं तर काम लवकर होतं. कडेनेही काही तिरकी भोकं घेतली, ती माथ्यावरच्या भोकांना जाऊन मिळतील अशी, म्हणजे हवा खेळते.

प्रत्येक भोकात चमचाभर युरिया घातला आणि वर शेणकाला ओतला. युरियाऐवजी द्राक्षवाले वापरतात ते १३:००:४५ चालतं. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, नत्रासाठी कामाचं. पण ते घातलेला बुडखा पुढे कधीही पेटवू नका, ते आगीला जोर देतं.

मग ओला पालापाचोळा, त्यावर माती, त्यावर काळं प्लॅस्टिक, कडेला दगड. पावसाळ्यात प्लॅस्टिक काढून ठेवलं, दिवाळीनंतर परत घातलं आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी दिलं. बुडखा सुका पडला की कुजणं थांबतं, बहुतेक लोक इथेच कंटाळतात.

दुसरा पावसाळा संपता संपता ती बाजू खुरप्याने उकरता आली. मोरचूदाची बाजू अजून आहे. साग, चिंच, बाभूळ असली कठीण लाकडं अशी दोन वर्षांत जात नाहीत, त्यांना कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. कुजत्या बुडख्यावर पावसात छत्र्या उगवतात. त्या कितीही अळंब्यांसारख्या दिसल्या तरी ताटात घेऊ नका.

ठेवायचा आणि नटवायचा

हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडा लांबेल.

फणसाचा बुडखा अडीच फूट रुंद, मांडीएवढा उंच, आणि मध्ये आधीच पोकळ. फणसाचं पिवळं लाकूड टिकाऊ, म्हणून त्याची कुंडी करायची ठरली. तुमच्या बुडख्यात पोकळी नसेल तर आरी लावून ती करायचा हट्ट धरू नका. साखळीआरीचं टोक लाकडात खुपसलं की ती उसळून अंगावर येते. त्यापेक्षा वर कुंडी ठेवा.

पोकळीतला भुसा खुरप्याने टणक लाकूड लागेपर्यंत काढला, कडा तीन बोटं जाड ठेवल्या. मग खरं महत्त्वाचं काम: बाहेरून, जमिनीच्या जरा वरून, गिरमिट वरच्या दिशेने तिरकं घालून पोकळीच्या तळाला तीन भोकं. बादलीभर पाणी ओतलं आणि ते पाच मिनिटांत बाहेर आलं का पाहिलं. हे केलं नाही तर झाडं सडतातच, शिवाय पावसाळ्यात त्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. बुडख्यात काही लावायचं नसलं तरी पोकळीत पाणी साचू देऊ नका; भोक पाडणं जमत नसेल तर ती वाळूने काठोकाठ भरा.

तळाला नारळाच्या सोडणांचे तुकडे, वर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. आतून प्लॅस्टिक लावलं नाही, पाणी त्याच्यामागे अडकतं. पहिल्या वर्षी हौसेने मोगरा लावला आणि तो पिवळा पडत गेला, कारण आजूबाजूचं लाकूड कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं. आता पंधरा दिवसांनी पातळ शेणकाला देतो आणि उथळ मुळांचीच झाडं लावतो: उन्हाळ्यात ऑफिस टाइमची फुलं (पोर्टुलाका), पावसाळ्यात तेरडा, सावलीच्या अंगाला नेचे. उन्हाळ्यात लाकूड पाणी पितं, त्यामुळे साध्या कुंडीपेक्षा ही लवकर सुकते.

रायवळ छातीएवढा उंच ठेवला होता, आणि त्याचं सोनं झालं. वादळात पडलेल्या त्याच्याच फांद्यांवर सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) होती. फांद्या सरपणात जाण्याआधी आईने त्या आमऱ्या अलगद सोडवल्या. बुडख्याच्या पूर्व आणि उत्तर बाजूला, जिथे दुपारचं ऊन लागत नाही, तिथे सोडणाचा पातळ थर ठेवून काथ्याने बांधल्या. माती अजिबात नाही. जून महिना असल्यामुळे पाणी घालावं लागलं नाही, आणि गणपतीपर्यंत पांढरट जाड मुळं सालीला चिकटली होती. साल मेली तर तिच्याबरोबर आमरीही गळून पडते, म्हणून त्या बुडख्याचे चार फुटवे आम्ही मुद्दाम राखले आहेत. साल जिवंत राहते आणि वर सावलीही. यासाठी रानातल्या झाडावरची आमरी ओरबाडून आणू नका, पडलेल्या फांदीवरची मिळाली तरच.

लाकूड साधंच असेल, पोकळीही नसेल, तर वेल चढवा. बुडख्याला कोंबडीची जाळी गुंडाळून गोकर्ण लावली तर एका पावसाळ्यात तो दिसेनासा होतो. वेल बुडख्याला खेटून लावू नका, तिथे मुळांच्या जाळ्यात मातीच नसते. हात-दीड हात दूर लावून काठीने वळवा. मधुमालती सुंदर खरी, पण चार वर्षांत ती एवढी जड होते की कुजका बुडखा तिच्यासकट आडवा पडतो.

सगळ्यांत कमी कष्टाची गोष्ट म्हणजे सपाट कापलेल्या माथ्यावर मातीचं परळ ठेवून त्यात पाणी भरणं. आमच्याकडे दयाळ आणि बुलबुल येतात, सातभाई तर टोळीने. पाणी एक दिवसाआड ओतून परळ घासायचं. माथ्यावर तुळशीवृंदावन किंवा दगडी कुंडी ठेवायचा मोह होतो. बुडखा खालून पोकळ होत जातो आणि एका सकाळी सगळं कलंडलेलं दिसतं.

दुसरी चूक राहिली. फणसाभोवती जांभ्याचे चिरे नुसते रचून मी छान गोल कठडा केला होता. दुसऱ्या पावसाळ्यात आई तेरडा लावायला वाकली तर दोन चिऱ्यांच्या फटीत फुरसं. रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याची फट म्हणजे फुरशाची हक्काची जागा, हे मला माहीत नव्हतं असं नाही, सुचलं नव्हतं. आता फटी सिमेंटने बुजवल्या आहेत.

मुळासकट काढायचा असेल तर

झाड अजून उभं असेल आणि कापायचं ठरलं असेल, तर कापणाऱ्याला खोड चार-पाच फूट उंच ठेवायला सांगा. तेच पुढे तरफेसारखं कामाला येतं. वर दोर किंवा चेन पुली बांधून ओढता येतं. जमिनीलगत कापून घेतलेला बुडखा काढायला दुप्पट घाम गाळावा लागतो. बाकी रीत माडासारखीच, फक्त जाड मुळं पहारीने तुटत नाहीत. माती धुऊन काढून ती कुऱ्हाडीने तोडा. आरी मातीत घातली तर धार जाते.

जेसीबी बोलावणार असाल तर आधी पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन कुठून जाते ते विचारून चुन्याने आखा. पुण्यात मावशीच्या अंगणातला गुलमोहराचा बुडखा जेसीबीने अर्ध्या तासात उपटला. बरोबर आलेली पाण्याची लाइन दुरुस्त करायला दोन दिवस लागले आणि कंपाउंडला तडा गेला तो वेगळाच.

खड्डा भरताना माती थरांनी दाबत भरा आणि वर उंचवटा ठेवा. पहिल्या दोन पावसाळ्यांत ती खाली बसते, परत टाकावी लागते. तुकडे आणि भुसा त्यात पुरला तर बसणं थांबतच नाही.

यंदा मार्चमध्ये फणसाच्या कडेला उभी चीर गेली. तार गुंडाळून आवळली आहे, अजून दोन-तीन वर्षं ओढेल. त्याच्यापासून पंधरा फुटांवर काप्या फणसाचं रोप लावलंय, ते कमरेएवढं झालं. पायाने तुडवलं जाऊ नये म्हणून त्याच्या आळ्याभोवती मोरचूद प्यायलेल्या शेवग्याचे तुकडे रोवले आहेत. ते काही केल्या कुजत नाहीत.